विसरलेला हार

४ फेब्रुवारी

आज वहिनी आली. मी वेगळी खोली घेऊन तसबिरी मढवायचं काम सुरू केल्यापासून दादाच्या घरचं कुणी हा जिना चढलं नव्हतं. तिला दारात बघून माझ्या हातातला खिळा पडला, तो अजून सापडलेला नाही. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी तिने टेबलावर ठेवलं आणि दम खात म्हणाली, "भाऊजी, हे तुमच्या दादांना माहीत नाही हं. भिंतीवरून पडलं. आम्ही जायच्या आधी नीट करून द्या."

"जायच्या म्हणजे कुठे?"

"लेकीकडे. कायमचं. महिनाअखेर सामान हलेल. दुकान बंद करतायत."

हे तिने चादरीची गाठ सोडता सोडता सांगितलं, भाजी महाग झाली असं सांगावं तसं. मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ज्या माणसाने मला "चालता हो" म्हटलं, तो कुठे का जाईना. चहासुद्धा न घेता ती गेली.

चादरीत आमचा वाली-सुग्रीव निघाला. काचेवरचं चित्र. बाबांच्या आधीपासून ते दुकानात गल्ल्याच्या मागे टांगलेलं आहे. दोन वानर एकमेकांना भिडलेत, तोंडाला तोंड, शेपट्या वर. मुकुट तसेच, दात तसेच, डोळे तसेच वटारलेले. उजव्या कोपऱ्यात झाडाआड राम धनुष्य ताणून उभा आहे आणि त्याला कळत नाहीये की यातला वाली कोण. गोष्ट तशीच आहे. दोघे भाऊ इतके सारखे की पहिल्या खेपेला रामाला बाण सोडता आला नाही आणि सुग्रीव मार खाऊन पळाला. दुसऱ्या खेपेला ओळखीसाठी त्याच्या गळ्यात फुलांचा हार घातला. ज्याच्या गळ्यात हार नाही त्याला बाण.

आमच्या चित्रातला हार कुणाच्या गळ्यात, यावर आमचं अख्खं बालपण गेलं. दादा गल्ल्याच्या डाव्या हाताला बसायचा म्हणून डावा वानर त्याचा, उजवा माझा. दोघांच्याही छातीवरचा रंग ठिपक्याठिपक्यांनी उडालाय, त्या ठिपक्यांत त्याला त्याच्या वानराची फुलं दिसायची, मला माझ्या. बाबांना विचारलं की ते फ्रेमची पट्टी कापता कापता म्हणायचे, "नीट बघा." बघून बघून डोळे दुखले, पण भांडण काही मिटलं नाही.

थोरला वाली आणि धाकटा सुग्रीव हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे हार माझाच. पण दादाने कधी कबूल केलं असेल तर शपथ.

५ फेब्रुवारी

बायको म्हणाली, "आता तरी जाऊन या." मी म्हणालो, हाकललेल्याने जायचं नसतं, हाकलणाऱ्याने यायचं असतं. ती म्हणाली, "त्यांच्या पायात सळई आहे आणि तुमचा जिना तीन मजले." हिला नेहमी असलं काहीतरी सुचतं.

एकदाचं इथे लिहूनच ठेवतो, म्हणजे डोकं शांत होईल. दादा शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं आणि तो अंथरुणाला खिळला. डॉक्टर म्हणाले, उभा राहील की नाही सांगता येत नाही. दुकान मी एकट्याने चालवलं. त्याचं कोपऱ्यातलं बाक अडगळ झालं होतं, ते सुताराला देऊन टाकलं. जुनं कुलूप अडकायचं, म्हणून नवं लावलं. त्याला किल्ली द्यायची राहून गेली. यात माझं काय चुकलं? आणि हा गडी एके दिवशी कुणाला न सांगता काठी टेकत दुकानावर आला. मी काच आणायला गेलो होतो. तो भर उन्हात पायरीवर बसून राहिला. मी आल्यावर म्हणाला, "मी मेलो असं धरूनच चाललास की काय?" मीही उचलली जीभ लावली टाळ्याला: "तू उठशील असं कुणाला वाटत होतं?" मग तो म्हणाला, चालता हो.

दुकान त्याच्या नावावर. मी चालता झालो.

लिहिलं. डोकं शांत झालेलं नाही.

८ फेब्रुवारी

बूड एका जागी टेकत नाही. पट्टी कापायला घेतली, अर्धी कापून ठेवली. गोंद घातला आणि विसरलो, तो भांड्यातच वाळला. शेवटी बाहेर पडलो आणि पाय आपोआप दुकानाच्या रस्त्याला लागले. मी समोरच्या फुटपाथवरून गेलो, मान वळवली नाही. तरी दिसायचं ते दिसलं: दार बंद, काचेमागे खोकी रचलेली. खिशात त्या नव्या कुलुपाची माझी किल्ली अजून आहे, चालताना मांडीला टोचते. फेकून द्यायला हवी. त्याने कुलूप केव्हाच बदललं असणार.

एक मात्र बरं आहे, माझं काम वाढतंय. या आठवड्यात दोन नवी गिऱ्हाइकं आली, दोघांच्याही हातात आधीच कापून आणलेली काच. काय सुरेख कापलेली! कोपरे दगडावर घासून बोथट केलेले, हाताला लागू नयेत म्हणून. दादा असे घासायचा. पण कोपरे काय कुणीही घासेल. "कुणी पाठवलं?" विचारलं तर एक जण म्हणाला, "असंच, कळलं." नाव झालं की असंच होतं, पाटी लावावी लागत नाही.

१० फेब्रुवारी

आज चित्र उघडलं आणि आत काय निघालं!

आधी काम सांगतो. काच फुटलेली नाही. फ्रेमचे कोपरेही शाबूत. भिंतीवरून पडलं म्हणावं तर साधा टवकासुद्धा नाही, पण वहिनीच्या तोंडी कुठे लागायचं. मागचा कागद मात्र नवा. खळ ताजी आणि तिला निळसर झाक, म्हणजे कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेलं. वहिनीला खळीत मोरचूद घालायचं कुठून कळलं? इतकी वर्षं बघून बघून शिकली असेल.

कागद ओला करून सोडवला, पुठ्ठा काढला. आणि जन्मात पहिल्यांदा ते चित्र पाठीमागून बघितलं.

बायकोला संध्याकाळी समजावून सांगितलं ते इथेही लिहितो. ही चित्रं काचेच्या मागच्या बाजूला रंगवायची आणि पुढून बघायची. त्यामुळे सगळं उलटं करावं लागतं. कागदावर आधी आभाळ, मग अंग, सगळ्यात शेवटी डोळा आणि दागिना. काचेवर आधी बुबुळ, आधी मोती, आधी हार, मग त्यावर अंगाचा रंग, आणि आभाळ सगळ्यात शेवटी. आधी टेकवलेलं तेवढंच पुढे दिसतं. एखादी गोष्ट आधी काढायची राहिली तर ती राहिलीच. नंतर काढली तर ती अंगाच्या मागे जाते आणि पुढून कुणालाही कधीच दिसत नाही.

आमचा चित्रकार हार विसरला होता.

बुबुळं काढली, मुकुटावरचे खडे काढले, शेपटीचे केससुद्धा काढले, आणि ज्याच्यावर सगळी गोष्ट अडली आहे तो हार विसरला. दोन्ही वानरांना तपकिरी रंग देऊन बसला आणि मग त्याच्या लक्षात आलं असणार. कपाळावर हात मारला असेल. आणि मग त्याने काय केलं? रंगवलेल्या छातीवरच, मागून, पांढऱ्या-पिवळ्या फुलांचा हार काढला. पुढून दिसणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी एकेक पाकळी काढली आहे. पुसून पुन्हा काढलं नाही, नवी काच घेतली नाही, आळशी होता की घाईत होता कोण जाणे. पण हार दिल्याशिवाय चित्र हातावेगळं करवलं नाही त्याला.

आणि तो हार आहे उजवीकडच्या वानराच्या गळ्यात. माझ्या! छातीवरचा थोडा उडालाय, पण खांद्यावर आणि बगलेशी फुलं स्पष्ट आहेत. भिंग लावून बघितलं, भिंग न लावता बघितलं. एवढ्या वर्षांनी निकाल लागला. आज जेवताना मी चक्क गुणगुणत होतो म्हणे.

११ फेब्रुवारी

गाढव आहे मी. मागून बघितलं मी. मागून उजवीकडे म्हणजे पुढून डावीकडे. सकाळी काच पुसायला उलटी केली तेव्हा राम डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात आला आणि मी फडकं खाली ठेवलं.

हार दादाचा आहे.

दिवसभर काम केलं नाही.

१४ फेब्रुवारी

आज संग्रहालयातल्या बाई आल्या. जुन्या चित्रांची देखभाल बघतात. म्हणाल्या, तुमच्याकडे एक काचचित्र दुरुस्तीला आहे असं ऐकलं. कुणाकडून, ते त्यांना नीट आठवेना. माणूस काठी घेऊन चालत होता एवढंच म्हणाल्या. शहरात काठी घेऊन चालणारे काय कमी आहेत?

बाई बोलक्या निघाल्या. चित्र बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं. तेव्हा काच जहाजाने लांबून यायची, महाग असायची, म्हणून चित्रकार चुकला तरी काच टाकून देत नसे. मोठ्या दरबारातला नव्हे, बाजारात बसून देवादिकांची चित्रं विकणारा चित्रकार. हार बघून त्या इतक्या जोरात हसल्या की खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने काठीने छत ठोकलं.

"बिचाऱ्याने चूक दुरुस्त केली, पण फक्त काचेपुरती," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यात काही भर घालू नका हं. जिथे रंग गेलाय तिथे गेलाय. आणि मागे पुठ्ठा नको, थोडं अंतर ठेवून दुसरी काच लावा. ओल धरणार नाही आणि हारही दिसत राहील."

"पण पुढून बघणाऱ्याला कळलं पाहिजे ना, सुग्रीव कोण?"

"का? दीडशे वर्षं कुणाला कळलं नाही. काय बिघडलं?"

यांना काय जातंय बोलायला? यांना भाऊ नसेल.

१७ फेब्रुवारी

मी ते केलं. खरं खरं लिहितो.

उजव्या वानराच्या छातीवर रंग पार उडून काच उघडी पडली आहे. त्या जागेत आज काही काढलं तर ते पुढून दिसेल. चित्रकाराला जे जमलं नाही ते मला जमण्यासारखं आहे, एवढाच विचार होता सुरुवातीला. बारीक ब्रश घेतला. पांढरा, पिवळा, देठाला थोडा हिरवा. गळ्यापासून छातीपर्यंत त्या उडालेल्या ठिपक्याठिपक्यांतून सुंदर हार उतरला, मूळ हातासारखाच. माझा हात चांगलाच आहे, ते दादाही नाकारत नाही.

मागचा खरा हार पुठ्ठ्याआड जाईल. दुसरी काच लावायची काही सक्ती नाही. कोण उघडून बघणार आहे? महिनाअखेर चित्र लेकीच्या घरी जाईल, तिथल्या भिंतीवर लागेल, आणि दादा रोज सकाळी बघेल की हार कुणाचा होता. काय वाईट आहे? थोरला वाली, धाकटा सुग्रीव. गोष्टीला धरूनच आहे. उलट चुकला तो चित्रकार. दुप्पट चुकला, हार विसरला आणि मग भलत्याच गळ्यात घातला.

बायकोला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा कधीचा?"

"मूळचाच. साफ केल्यावर दिसायला लागला."

"हो का," एवढंच म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

१८ फेब्रुवारी

पुसून टाकला.

सकाळी उजेडात चित्र उभं केलं, हार वाळलाय का बघायला. बघतो तर चित्र बदललेलं. कालपरवापर्यंत त्या दोन वानरांची नुसती झोंबाझोंबी होती. आम्ही दोघं गल्ल्यामागे करायचो तशी, बाबा ओरडले की थांबणारी. आज उजव्याच्या गळ्यात हार आल्याबरोबर डावा उघडा पडला. रामाचा बाण सरळ त्याच्यावर. डाव्याला ते माहीत नाही, तो आपल्या भावाच्या डोळ्यांत बघतोय. त्याचं तोंड इतकं दादासारखं कधीच दिसलं नव्हतं. पायरीवर उन्हात बसला होता तेव्हा असाच दिसत होता.

हार नव्हता तोवर राम बाण सोडू शकत नव्हता. दीडशे वर्षं तो झाडाआड खोळंबून उभा आहे, ते एका विसरभोळ्या माणसाच्या कृपेने. आणि मी निघालो होतो त्याची सोय करायला.

रंग अजून ओला होता, बोळ्याने निघाला. बोळा पेटवून टाकला. मला रडू आलं हे लिहून ठेवतो, कारण नंतर मी ते नाकारीन.

२१ फेब्रुवारी

दुसरी काच लावली. फ्रेम दोन्ही बाजूंनी उघडी केली. छातीवरची भोकं तशीच ठेवली. काम संपलं. वहिनी न्यायला येणार होती, ती आली नाही. निरोप पाठवला की तिला वेळ नाही, तुम्हीच आणून द्या. सामान बांधताना कसला वेळ मिळतो म्हणा.

खोलीत येरझारा. खालच्या म्हातारीने दोनदा छत ठोकलं.

२४ फेब्रुवारी

आज जे झालं ते सगळं लिहायचंय आणि बसवत नाहीये. उभ्यानेच लिहितो.

बायको सकाळी म्हणाली, "चित्र टेबलावर ठेवून त्याच्याभोवती फिरण्यापेक्षा ते हातात घेऊन फिरा आणि दुकानाच्या दिशेने फिरा." मी घेतलं. ठरवलं होतं की दुकानात कुणी नसताना पायरीवर ठेवायचं, शेजारच्याला सांगायचं आणि परत यायचं. कुणी नव्हतंच. पण पायरीवर काच कशी ठेवणार? कुत्रं आलं, पोरं आली. उगाच गंमत म्हणून किल्ली काढली आणि कुलुपात घातली.

कुलूप उघडलं.

मी तसाच उभा. मी लावलेलंच कुलूप होतं. माझीच किल्ली. इतके महिने खिशात घेऊन समोरच्या फुटपाथवरून जात होतो मी.

आत खोकी, पट्ट्यांचे भारे, सगळं बांधलेलं. फक्त माझ्या बाजूचं काही हललेलं नव्हतं. माझं स्टूल जागेवर, काच कापायची हिरकणी तिच्या खिळ्याला, पुसून ठेवलेली. त्याच्या बाजूला बाकाची जागा रिकामी, फरशीवर चार पायांचे डाग.

मागे काठी वाजली. दादा दारात होता. वाळलाय. मिशी पूर्ण पांढरी झाली आहे.

"उघडलंस?"

"कुलूप तेच आहे," मी म्हणालो.

"मग? चांगलं कुलूप आहे. अडकत नाही."

तो खोक्यावर बसला, पाय लांब केला आणि हात पुढे केला. मी चित्र दिलं. त्याने पुढून बघितलं, बोटाने कडेची पट्टी तपासली, कोपऱ्यावर नख फिरवलं. मग म्हणाला, "हार नाही काढलास."

"पुढून कधी नव्हताच. मागे आहे."

"माहीत आहे. मी उघडून बघितलंय." वर न बघताच म्हणाला. "उजवीकडच्याच्या गळ्यात आहे. तुझ्या. लहानपणापासून तू म्हणत होतास ते खरं. सुग्रीव तूच."

मी काही बोलणार तर त्याने काठी जरा उचलली. बाबा अशीच पट्टी उचलायचे.

"मला पडल्या पडल्या पुष्कळ वेळ होता. विचार केला. वाली राक्षसामागे गुहेत गेला आणि सुग्रीवाने तोंडावर धोंडा लावला, तो काही भावाला कोंडायला नाही. आतून रक्त वाहत आलं, त्याला वाटलं वाली गेला. खरंच वाटलं होतं त्याला. वाली धोंडा फोडून बाहेर आला तो रागाने आंधळा होऊन. एकदा विचारलं असतं, काय रे, काय झालं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. ना राम लागला असता, ना बाण. पण थोरल्याने धाकट्याला विचारायचं, हे कुठे लिहिलंय?" मग खोकला. "तर राज्य घे तुझं. मी चाललो लेकीकडे."

मी दुकानाच्या दाराकडे बघितलं. कुलूप कोयंड्याला लोंबत होतं. आजवर मी त्याला कधी धोंडा म्हटलं नव्हतं. गुहेची गोष्ट मी हज्जारदा ऐकली आहे, सांगितली आहे, आणि एकदाही ते कुलूप मनात आलं नाही.

"मी विचारायला हवं होतं," मी म्हणालो. "बाक देण्याआधी. किल्ली मुद्दाम नव्हती ठेवली, दादा. पण आणून द्यावी असंही वाटलं नाही. तू परत उभा राहशील असं धरलंच नव्हतं मी."

"ते कळलं मला."

"चुकलो मी."

"बरं," तो म्हणाला. वहिनीने येऊन लेकीकडे जातोय सांगितलं तेव्हा मी जसं म्हणालो होतो, अगदी तसंच.

मग मला हाराचं आठवलं. खोट्यावर सलोखा नको वाटला. म्हणालो, "पण दादा, हार तुझा आहे. तू मागून बघितलंस. मागून उजवा तो पुढून डावा. मीही आधी तसाच फसलो."

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे वटारून, अगदी चित्रातल्यासारखे.

"जन्मभर काच कापली मी. मला डावं-उजवं शिकवू नकोस," तो म्हणाला. "उजवा म्हटलं ना? उजवा."

आता या वयात त्याच्याशी कुठे वाद घालायचा! पण आश्चर्य वाटतं. एवढा काचेत मुरलेला माणूस आणि चित्र पलटवायचं विसरला. आजारपणाने डोकंही थकतं माणसाचं.

घरी येऊन बायकोला हे सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. माझं शेवटचं वाक्य ऐकून तिने नळ बंद केला आणि पदराने डोळे टिपले. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. साबण गेला. तुम्ही आधी जा आणि ते बाक घेऊन या."

२५ फेब्रुवारी

बाक मिळालं! सुताराने विकलं नव्हतं, पण हलतं म्हणून चारी पाय कापून बुटकं केलं होतं. मी कपाळाला हात लावला. दुकानात आणलं आणि दादा त्यावर बसला तर मोडलेला पाय बरोबर जमिनीला टेकला. सुंठीवाचून खोकला गेला.

"आता हे लेकीकडे न्यायचं म्हणजे मोठी गाडी लागेल," तो म्हणाला. वहिनी म्हणाली, मग नका नेऊ. तो म्हणाला, बघू. तिने एक खोकं उघडून कप बाहेर काढले, तर तो काही बोलला नाही.

चित्र कुठे लावायचं यावर दुपार गेली. गल्ल्याच्या मागे लावलं तर पाठ भिंतीकडे जाणार. शेवटी मीच म्हणालो, रस्त्याकडच्या काचेत लावू, दोन्हीकडून दिसेल. साखळीने टांगलं. मागून उजेड आला आणि दोघा वानरांच्या छातीवरच्या भोकांतून ठिपके ठिपके चमकायला लागले, लहानपणी दिसायचे तसे.

चित्र सरळ आहे का बघायला दादा बाहेर फुटपाथवर गेला. मी आत साखळी धरून स्टुलावर. इथून बघितलं तर हार उजवीकडे होता.

"डावीकडे जरा वर घे!" तो बाहेरून ओरडला.

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या!"

"तू बाहेर आहेस! तुझं डावं ते माझं उजवं!"

"माहीत आहे मला! घे म्हटलं की घे!"

मी घेतलं. चुकीचं घेतलं. वहिनी कप पुसता पुसता म्हणाली, झालं यांचं सुरू. दादाने काठी दोनदा फुटपाथवर आपटली आणि स्वतः साखळी धरायला आत यायला निघाला. मी किल्ली काढायला खिशात हात घातला, सवयीने. दार उघडंच होतं.